नियमावलीवर सही केलेल्या शिक्षिकेचे बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय बालविकास मंत्री

महोदय,

सादर नमस्कार.

‘नियमावली वाचली असून मला ती समजली आहे’ या छापील वाक्याखाली सही करून मी बालशिक्षिका म्हणून कामाला लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. सही केली त्या दिवशी नियमावलीचे एकही पान मी उलटलेले नव्हते. संचालिकाबाईंनी कागद पुढे केला, आतल्या खोलीत एक मूल रडत होते, आणि मी उभ्याउभ्याच सही करून आत धावले. तो कागद फाईलमध्ये अजून असेल, आणि मला नियम माहीत असल्याचा तेवढाच पुरावा तपासणीच्या वेळी दाखवला जात असेल.

बालशिक्षिकेला नियम कितपत ठाऊक असावेत, असा प्रश्न निघाला की नियमांचे संचालक पाहतील, ताईंनी मुलांकडे लक्ष द्यावे, असे उत्तर हमखास मिळते. ऐकायला ते समजूतदारपणाचे वाटते. मला मात्र ते धोक्याचे वाटते, आणि का वाटते ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एका दुपारी मुले झोपलेली असताना, मदतनीस ताई रजेवर होत्या आणि शेजारच्या खोलीतल्या शिक्षिकेला कार्यालयात बोलावून घेतले गेले. “झोपलेलीच तर आहेत, अर्धा तास सांभाळून घ्या,” असे मला सांगण्यात आले. दोन खोल्यांतली मुले माझ्या एकटीवर आली. एका दारात उभी राहिले की दुसऱ्या खोलीतली तान्ही बाळे दिसत नव्हती. हजेरीपटावर मात्र मोठ्यांची संख्या पुरेशी होती. मुलांजवळ जी माणसे प्रत्यक्ष आहेत तेवढीच या हिशेबात धरायची असतात, हे वाक्य आमच्याच नियमावलीत होते आणि ते मी पुढे खूप उशिरा वाचले. त्या दुपारी काही विपरीत घडले नाही. पण ते वाक्य मला ठाऊक असते, तर “मला जमणार नाही” असे कुरकुरण्याऐवजी “असे करता येत नाही” असे मी ठामपणे सांगू शकले असते. नियम फक्त संचालकांना ठाऊक असतील, तर ते कधी पाळायचे आणि कधी वाकवायचे हेही तेच ठरवतात.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या तिसऱ्या कलमातच म्हटले आहे की, मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांनी ठरवून दिलेली मानके पाळली पाहिजेत, आणि त्यात सुरक्षितता, आरोग्य, कर्मचाऱ्यांची संख्या व योग्यता आणि सक्षम देखरेख यांचा खास उल्लेख आहे. यातली प्रत्येक गोष्ट शेवटी खोलीत मुलांसोबत बसलेल्या माणसाच्या हातून पाळली किंवा मोडली जाते.

शिक्षिकेने वकील व्हावे, असे माझे म्हणणे नाही. नोंदणीचे नूतनीकरण, इमारतीचे दाखले, शुल्काची तरतूद हे सारे कुठे पाहायचे एवढे तिला कळले तरी पुरे. पण तान्ह्या बाळाला पाठीवरच झोपवायचे, मुलांची मोजणी खोली बदलताना दर वेळी करायची, मुलाला न्यायला आलेली व्यक्ती यादीत नसेल तर ओळखीची असली तरी थांबवायची, आणि मुलाला इजा किंवा छळ होत असल्याची शंका आली की पुरावा शोधत न बसता ती कळवायची, हे नियम पुस्तक उघडायला वेळ नसताना लागतात. ते तोंडपाठ हवेत, आणि त्यांच्यामागचे कारणही माहीत हवे. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते हे जिला ठाऊक आहे, ती अर्धी भरलेली बादली कोपऱ्यात तशीच ठेवून जाणार नाही.

औषधाचेच घ्या. एका आईने सकाळच्या घाईत लेबल नसलेली बाटली माझ्या हातात दिली आणि “ताई, जेवणानंतर एक चमचा द्या” म्हणाली. घरातले चमचे सारख्या मापाचे नसतात आणि लहान मुलांच्या बऱ्याच औषधांची मात्रा वजनावर ठरते. मूळ वेष्टन आणि लेखी सूचना असल्याशिवाय औषध द्यायचे नाही हा नियम तोवर मला माहीत झाला होता, म्हणून मी नकार दिला. ती नाराज झाली, पण नियमाचे पान दाखवल्यावर राग माझ्यावरून नियमावर गेला, आणि तो तिथेच असलेला बरा.

आता आपल्या खात्याबद्दल. ‘उपनियम (२) मधील तरतुदीस अधीन राहून’ अशी सुरुवात असलेले वाक्य दिवसभर मुलांमागे धावलेली बाई रात्री वाचेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. रोजच्या कामाचे नियम वेगळे काढून, कारणांसह, साध्या मराठीत छापावेत. ते शिकण्याचे तास पगारी असावेत, कारण आज हे शिकणे बहुतेक वेळा स्वतःच्या सुट्टीत उरकावे लागते. नियमावर बोट ठेवून नकार देणाऱ्या शिक्षिकेची नोकरी जाणार नाही, अशी तरतूद त्याच नियमावलीत असावी. ती नसेल तर बाकीचे शिकून उपयोग नाही. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी फाईल मागण्याआधी खोलीत यावे, तिथल्या ताईंना “आत्ता इथे किती मुले आहेत, आणि तुम्ही एकट्याच असाल तर काय कराल?” एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकेपर्यंत संचालकांना बाहेर थांबायला सांगावे.

आपली विश्वासू,
एक बालशिक्षिका