हायड्राची थोटकं

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार. ‘एक मुंडकं छाटलं की दोन उगवतात’ एवढ्या भांडवलावर तुझ्या गेममधली हायड्राची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या अनेक डोक्यांच्या सर्पिणीची, लढत उभी राहील का, असं विचारलंस. राहील, पण गंमत तलवारीत नाही, मशालीत आहे.

मूळ कथा बघ. आर्गोसच्या दक्षिणेला लेर्नाची दलदल. अपोलोडोरसच्या नावावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात डोकी नऊ: आठ मर्त्य, मधलं अमर. ग्रीक वीर हेराक्लीस (हर्क्युलिस) डोकी ठेचतोय, ती दुप्पट होतायत, वर एक खेकडा पायाला चावतोय. शेवटी पुतण्या इओलाओस रान पेटवतो आणि जळत्या लाकडांनी मानांची थोटकं डागतो, तेव्हा कुठे वाढ थांबते. मदत घेतली म्हणून, हेराक्लीसला कामगिऱ्या सोपवणाऱ्या युरिस्थियस राजाने ही कामगिरी मोजलीच नाही!

गेमवाल्यांनी नेमका हा पुतण्याच गाळला. २००५ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये एजियन समुद्रातल्या गलबतावर नायक क्रेटोस हायड्राचं मुख्य डोकं डोलकाठीत खुपसतो. देखणं आहे, पण पुन्हा उगवणं नाही. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ मध्ये (१९९९) अनेक डोक्यांचा अर्थ हुशारीने लावलाय: हायड्रा शेजारच्या सगळ्या शत्रूंना एकदम चावते आणि कुणालाच उलट वार करता येत नाही. वेग मात्र फक्त ५, त्यामुळे पोचेपर्यंत तिरंदाज तिला सोलून काढतात. ‘हेडीस’ या गेममध्ये नायक झाग्रेयस तिला लाडाने ‘लर्नी’ म्हणतो. तिथे बाजूची डोकी मरेपर्यंत मुख्य डोक्याला इजा होत नाही. या तिघांत मला हीच सर्वांत जवळची वाटते.

आता तुझं. प्रत्येक मानेला चार अवस्था दे: जिवंत, थोटूक, उगवतंय, डागलेलं. सुरुवात तीन मानांनी कर. छाटल्यावर थोटूक ४ सेकंद उघडं राहू दे आणि डागायला दीड सेकंद लागू दे. डागणं २ सेकंदांच्या पुढे गेलं, तर शेजारचं डोकं दर वेळी मध्येच चावून ते थांबवेल आणि खेळणारा मशाल फेकून देईल.

फसतं कुठे, तर रुंद फटक्यात. एकेक छाटलं तर दर वेळी एकच डोकं वाढतं. पण एका फटक्यात तिन्ही गेली तर सहा, मग बारा, मग चोवीस, आणि गेम रखडू लागतो. म्हणून कमाल नऊ ठेव आणि नऊही माना आधीच बनवून लपवून ठेव. ऐन लढतीत नव्या बनवू नकोस.

दुसरं, एका वेळी दोनच डोक्यांना हल्ल्याची परवानगी दे. बाकीच्यांनी नुसतं डोलावं, फुत्कारावं. नाहीतर कॅमेऱ्यामागून चावा बसतो, आणि न दिसलेल्या चाव्याला खेळणारा शिव्याच घालणार. पुढचा हल्ला कुठून येणार हे अर्धा सेकंद आधी मान मागे खेचून दाखव. रंग बदलून भागवू नकोस, धुरात तो दिसत नाही.

मधल्या अमर डोक्याला आयुष्याची पट्टीच देऊ नकोस. कथेत हेराक्लीस ते छाटून लेर्नाहून एलाइऊसला जाणाऱ्या वाटेकडेला पुरतो आणि वर जड धोंडा ठेवतो. तो धोंडा पहिल्यापासून नजरेसमोर असू दे, ढकलता येईल असा. आणि शेवटी बाण बुडवायला हायड्राचं विषारी पित्त ठेव. त्याच विषाने पुढे हेराक्लीसचा जीव घेतला, तेव्हा ते फुकट नको.

खेकडा घालणार असशील, तर एकच. दोन झाले की तो विनोद उरत नाही.

तुझा,
मंगेश