देवासच्या आठवणी लिहून ठेवा

संपादक महोदय,
आम्ही मूळचे देवासचे, आता बरेच जण इंदूरला. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर, पण भेटलो की विषय तोच, लहानपणीचं देवास. थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात पवारांची दोन संस्थानं, तुमचं घर कुठल्या पातीत यावरून म्हातारी माणसं अजून वाद घालतात. मग टेकडी, वर मोठी माता तुळजाभवानी, छोटी माता चामुंडा, नवरात्रात पहाटे अंधारातच चढायला निघायचो आणि उतरलं की पोहे-जिलेबी, ती चव इंदूरला मिळते म्हणतात, मला नाही पटत. कुमार गंधर्व १९४८ साली तब्येतीसाठी देवासला आले आणि १९९२ पर्यंत तिथलेच झाले, माळव्याची लोकगीतं त्यांनी मोठ्या मैफिलीत नेली, याचा आम्हाला फार अभिमान. मधल्या काळात नोटांचा छापखाना आला आणि गाव बदललं.
हे सगळं फक्त गप्पांमधे राहतंय, सांगणारी माणसं कमी होतायत. तुम्ही रविवारच्या पुरवणीत माजी देवासकरांच्या आठवणी आणि जुने फोटो छापा ना प्लीज, ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आम्ही उतरवून देऊ.

– एक देवासकर, इंदूर