वाकटीच्या पाटीतला वेगळा मासा: मत्स्योद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्योद्योग मंत्री, कर्नाटक राज्य यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे समुद्राची मासळी घाट चढून येते. तीत ओली-सुकी वाकटी असतेच. कागदोपत्री ती ‘रिबनफिश’. पण भर महासागरात, शेकडो मीटर खोल राहणाऱ्या निराळ्या कुळातल्या माशांनाही हेच नाव आहे. असा मासा क्वचितच जाळ्यात सापडतो. तो वाकटीच्या वजनात मोजला गेला की त्याची नोंद कायमची गेली.

पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग पर दोघांनाही असतो, गफलत होते ती त्यामुळेच. म्हणून आधी शेपूट पाहावे. वाकटीचे दोऱ्यासारखे निमुळते होत संपते, टोकाला पर नसतो. खोल पाण्यातल्या माशाचा शेपटीचा पर पंख्यासारखा वर उभा राहतो. मग तोंड: वाकटीला मोठे सुळे, याचे तोंड लहान आणि नळीसारखे पुढे सरकणारे. पर बहुधा लालसर. मात्र पाटीत दाबला गेला की हेच पर आधी मोडतात, चंदेरी रंग बोटाला लागून निघतो.

आमची मागणी साधी आहे. ओळखीचे एक सचित्र पत्रक कन्नड आणि मराठीत काढा, आणि कारवार बंदरावर अशा माशासाठी लांब फळी व फ्रीझरची सोय करा. मासा गुंडाळू नये, फळीवर सरळ ठेवून आधी फोटो काढावा. शेपूट तुटलेले असू शकते, म्हणून एकूण लांबीबरोबर तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे मापही घ्यावे. तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, तोही मासा टिकवण्याचे रसायन असलेल्या फॉर्मॅलिनच्या आधी. नंतर घेतला तर डीएनए नीट मिळत नाही. पुढे प्रयोगशाळेत एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. पोटात सुईने द्रावण सोडले नाही तर आतडी आतल्या आत कुजतात.

बाजारात मात्र फक्त बर्फ. मासळीतल्या फॉर्मॅलिनवरून २०१८ साली गोव्यात केवढा गदारोळ झाला, हे आपण जाणताच. नमुन्याची बाटली विक्रीच्या ओट्याजवळ कधीही येऊ नये, हे पत्रकात ठळक छापावे.

असा मासा दिसला की ‘आता भूकंप होणार’ हेही पसरते. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तसा संबंध आढळला नाही. ती ओळही पत्रकात हवी.

आपले,
बेळगाव सीमाभागातील प्राणिशास्त्राचे शिक्षक