टलूला, चटूगा आणि तुझी तोटी

अटलांटा
नोव्हेंबर, सोमवार रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार वगैरे सगळं गृहीत धर. शनिवार-रविवारी टलूला नदीवर कयाक (एकट्याने वल्हवायची बंदिस्त होडी) घेऊन जाणार म्हटल्यावर तू धाडलेला आवाजी निरोप ऐकला. "धरणातून सोडलेल्या पाण्यावर कसली मर्दुमकी? तोटी उघडली की नदी सुरू, बंद केली की चला घरी." हे तू बोलावंस? कोलाडला राहून? ज्या कुंडलिकेवर बोटी चालवून तुझं पोट चालतं तिचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं. तेही मुळात मुळशीचं. भीमेकडे जायचं ते डोंगरातून खाली उतरवून अरबी समुद्राकडे वळवलेलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहितोय. आता शेवटपर्यंत वाच.

टलूला नदी जॉर्जियाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, अटलांटाहून दोनेक तासांवर. दोन मैल लांबीची, जवळजवळ हजार फूट खोल घळ. एके काळी लोक आगगाडीने हे धबधबे बघायला यायचे, मोठमोठी हॉटेलं होती. १९१३ च्या सुमाराला वर धरण झालं आणि नदी दोन किलोमीटरच्या बोगद्यातून थेट वीजघराकडे गेली. घळीत उरली नुसती धार. एरवी तिथे इतकं कमी पाणी असतं की कातळावर बसून भेळ खावी. १९७० मध्ये कार्ल वॉलेंडा नावाचा डोंबारी पासष्टाव्या वर्षी या घळीवरून तारेवर चालत गेला, मध्येच दोनदा डोक्यावर उभा राहिला. त्याच्या तारेचे मनोरे अजून आहेत. आपले गुडघे पन्नाशीआधीच बोलायला लागलेत.

वर्षातून मोजके शनिवार-रविवार, एप्रिलचे पहिले दोन आणि नोव्हेंबरचे पहिले तीन, खास कयाकवाल्यांसाठी पाणी सोडतात. शनिवारी ५०० क्युसेक, रविवारी ७००. खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचून वाढलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, मला ठाऊक आहे. पण तुझ्या रुंद पात्रातले पाचशे आणि दोन कड्यांमध्ये चेपलेले पाचशे यांत फरक असतो रे.

आम्ही चौघं होतो. एक शाळेत गणित शिकवणारी बाई, आमच्यातली सगळ्यात तरबेज तीच. एक मल्याळी नर्स, रात्रपाळी संपवून तसाच आलेला. एक इथलाच सुतार, जो दिवसभरात चार वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन "नीट बघून" अशी असतात. आणि मी. पाण्यापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या आहेत आणि क्रीक बोट, म्हणजे अशा अरुंद नदीसाठीची कयाक, वीस-बावीस किलोची. लोखंडी जाळीच्या पायऱ्या, दवाने ओल्या, खांद्यावर बोट, समोरून धापा टाकत वर येणारे पर्यटक. एका आजीबाईंनी थांबवून विचारलं, "हे स्वखुशीने करता?" नर्स म्हणाला, "हो, आणि सुट्टी टाकून."

उतरल्या उतरल्या पहिला रॅपिड, म्हणजे खळाळत्या उताराचा टप्पा, अंग गरम व्हायला सवडच नाही. लगेच दुसरा, टॅनर्स बूफ. कड्यावर शेवटचा एक जोरकस वल्हा मारून बोटीचं नाक उचलायचं, म्हणजे खालच्या उलट्या भोवऱ्यात न घुसता त्यापलीकडे सपाट आपटतो. 'धप्प' असा आवाज आला की समजायचं, जमलं. मग ओशियाना. बंड्या, हा प्रकार तू बघायलाच हवास. अखंड कातळाची पन्नासेक फुटांची तिरपी घसरगुंडी, आणि तळाशी पाणी कशावर तरी आपटून पंख्यासारखं वर उडतं. त्याला इथले लोक नुसतं 'द थिंग' म्हणतात. नाव द्यायचंही कुणाच्या जिवावर आलं असावं. वरून रेषा नीट दिसत नाही. उतरून कातळाच्या कडेला उभं राहायचं, बघायचं, आणि बघतच राहिलं तर उचलायची बोट आणि कडेकडेने चालत खाली जायचं. सुतार दर वर्षी चालत जातो, त्याला त्याचं काहीच वाटत नाही. आम्ही तिघं उतरलो. मास्तरीण आधी, मग तिने खाली थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी) हातात घेऊन जागा धरली. घसरताना बोटीखालून कातळाचा खरखराट बुडातून दातांपर्यंत जातो, मग एकदम काही ऐकूच येत नाही, आणि नंतर नाकात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि मी सरळ! तू शिकवलेला रोल, उलटलेली बोट आतूनच सरळ करायचा, लागला नाही, पण हात मनातल्या मनात तयारच होते.

शरद ऋतूत इथे एक गंमत आहे. मेपल आणि स्वीटगमची पानं गळून नदीत येतात आणि एडीमध्ये, म्हणजे कडेच्या संथ भोवऱ्यात, गोल गोल फिरत राहतात. प्रवाह कुठे संपतो आणि मागे वळणारं पाणी कुठून सुरू होतं, ती सीमा लाल-पिवळ्या रंगात आखलेली दिसते. नवख्याला शिकवायला याहून चांगला महिना नाही. मात्र स्प्रे स्कर्ट, म्हणजे बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेला बांधायचं आवरण, काढला की मांडीवर चिकटलेली ओली पानं मूठभर निघतात.

आता तुझ्या तोटीकडे येतो. हे धरण होऊ नये म्हणून हेलन डॉर्च लाँगस्ट्रीट नावाच्या बाई भांडल्या, कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, हरल्या. पुढे आठेक वर्षांत, १९२१ मध्ये, आपल्याकडे सेनापती बापट मुळशीला उभे राहिले. तेही हरले. हरण्यातलं अंतर मात्र बघ: बाईंच्या बाजूने निसर्गरम्य धबधबे होते, मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं आणि घरं बुडत होती. दोन्हींची बरोबरी मी करणार नाही. पण पुढचं ऐक. इथे वीजप्रकल्पाचा परवाना ठरावीक वर्षांनी संपतो आणि नव्याने घेताना लोकांना म्हणणं मांडता येतं. टलूलाचा परवाना नव्याने झाला तेव्हा कयाकवाले कागदपत्रं घेऊन हजर होते, आणि १९९७ पासून हे पाणी सुटायला लागलं. म्हणजे ही तोटी कंपनीने प्रेमाने उघडलेली नाही, लोकांनी उघडायला लावली आहे. तुझ्या नदीवर टर्बाइन फिरतं म्हणून तुला पाणी मिळतं. कुणी तुला विचारून सोडत नाही. मर्दुमकी म्हणशील तर माझ्या मते ती त्या कागदपत्रांत आहे, ओशियानात नाही.

रात्री शेकोटी, आईने पाठवलेला चिवडा आणि शंकरपाळे. दिवाळीचा फराळ इतका चवीने अमेरिकन सुताराला खाताना बघून मला उगाच अभिमान वाटला. चिवडा संपल्यावर त्याने दिवसातलं पाचवं वाक्य उच्चारलं: "अजून आहे?"

रविवारी ७०० क्युसेकला परत टलूला करायचा मास्तरणीचा हट्ट होता, पण मी चटूगावर अडून बसलो, खास तुझं तोंड बंद करायला. ही शेजारचीच नदी, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाची सीमा. १९७४ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, त्यामुळे ती मोकळी वाहते. पाऊस पडला तर पाणी, नाही तर नाही. सकाळी पुलाखालच्या पाणी मोजायच्या पट्टीवर जेमतेम सव्वा फूट. पाणी कमी म्हणजे सोपं, असं तुला वाटत असेल. तिथे 'फाइव्ह फॉल्स' म्हणून पट्टा आहे, पाव मैलात सुमारे ७५ फूट उतार, एकामागोमाग एक पाच रॅपिड. पाणी कमी झालं की खालचे पोखरलेले कातळ आणि फटी उघड्या पडतात. त्यांतल्या 'क्रॅक इन द रॉक'ला तीन फटी आहेत. डाव्या फटीने माणसं गिळलेली आहेत, म्हणून आम्ही उजवीच घेतली, आणि तीही आधी चालत जाऊन, ओंडका अडकला नाही ना हे डोळ्यांनी बघून. शेवटच्या 'सॉक एम डॉग'ला मी चाललो. सुतार मात्र खुशाल गेला. टलूलाला चालत जाणाऱ्यावर इथे बोट उलटून पोहायची वेळसुद्धा येत नाही; ज्याची त्याची नदी असते बाबा.

आणि दोन्ही नद्या कुठे भेटतात माहीत आहे? टुगलो तलावात. तोही धरणाचाच. तुझी शुद्ध, मोकळी, तोटी नसलेली नदी शेवटी त्याच साठ्यात येऊन पडते आणि पुढे मैल-दोन मैल संथ पाणी वल्हवत खांदे दुखवून घ्यावे लागतात. तेव्हा आता वाद पुरे.

एप्रिलला ये. तुझ्या मोसमातून आठवडाभर सुटलास तर कोलाड बुडत नाही. बोट माझी दुसरी आहे, तुझ्या वजनाला चालेल; हेल्मेट आणि स्प्रे स्कर्ट मात्र स्वतःचे आण, तुझ्या कमरेचं माप इथल्या कुणाकडे नाही. व्हिसाच्या मुलाखतीला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच अर्ज कर. आणि येताना काकूंच्या हातचा पोह्यांचा चिवडा जास्तीचा घे. सुतार विचारतोय.

काकूंना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
पम्या