छुप्या रकान्याचा भरवसा नको

महोदय,
निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने कांद्याखालचे क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त भरले, तरी काही ऑनलाइन अर्ज ते निमूट घेतात. क्षेत्राची कमाल मर्यादा वेबपानाच्या छुप्या रकान्यात ठेवली की ब्राउझरमध्ये कोणीही ती बदलतो. ती सर्व्हरवर, डेटाबेसमधूनच काढावी. जँगोत (पायथनच्या वेब-चौकटीत) व्ह्यूमधून, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या कोडमधून, फॉर्मला कमाल क्षेत्र वेगळे पाठवा; इनिटमध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सुपरच्या, म्हणजे मूळ इनिटला हाक देण्याच्या, आधी ते पॉप करून (आलेल्या मूल्यांतून काढून) सेल्फवर, म्हणजे त्याच फॉर्मवर, ठेवा, नाहीतर टाइपएरर (अनोळखी मूल्याची चूक) ठरलेला. भरलेल्या क्षेत्राशी तुलना क्लीनमध्ये, म्हणजे फॉर्मच्या तपासणी-फंक्शनमध्ये. गंमत अशी, की कोरा अर्ज दाखवताना हे मूल्य आठवणीने दिले जाते आणि भरलेला तपासताना नेमके द्यायचे राहून जाते! अनेक गटांचा फॉर्मसेट (एकत्र हाताळलेले अनेक फॉर्म) असल्यास फॉर्म-केडब्ल्यूआर्ग्स (त्यातल्या फॉर्मना असे मूल्य देण्याची सोय) वापरावे. आणि नुसते ‘अवैध’ काय सांगता? ‘या गटावर ०.८० हेक्टरचीच नोंद आहे’ असे लिहा.

— एक वेब डेव्हलपर, नाशिक रोड