यंदाची येळवस

डॉर्टमुंड,
१२ सप्टेंबर

ती. अण्णा आणि माय यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल धाकट्याचा फोन आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की माय, तू चौघीजणींत मिळून सोयाबीनच्या काढणीचं गुत्तं घेतलंस. ओटा चढताना तू गुडघा धरतेस. वाकून काम नको, असं डॉक्टरनं उन्हाळ्यातच बजावलं होतं. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. अण्णा, तिला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

जूनमधली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, उगाच काळजी कराल म्हणून. आठवडाभराची रजा काढली होती. दुसऱ्याच दिवशी ताप भरला आणि तीन दिवस अंथरुणात गेले. सोबतच्या मैत्रिणीनं बळंच डॉक्टरकडं नेऊन आजारपणाचा दाखला घ्यायला लावला. पुन्हा ड्यूटीवर गेले तेव्हा मुख्य सिस्टरनं तो दाखला पाहिला आणि म्हणाल्या, हे तीन दिवस तुझ्या रजेत धरायचे नाहीत, नंतर कधीही घे. मला वाटलं माझं जर्मन कच्चं, मीच चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तर त्यांनी नीट समजावलं की आजारी पडणं म्हणजे सुट्टी घेणं नव्हे, १९६३ सालच्या रजेच्या कायद्यातच तसं लिहिलंय. पगारातून एक पैसा कापला नाही. नोकरीतलं माणूस आजारी पडलं तर इथं पहिले सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो. मी चादरी ठेवायच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले.

अण्णा, मला मालकाची ती लाल वही आठवली. चौथीत होते मी. पाडव्याला तुमच्या सालाचा हिशोब व्हायचा आणि मला वाचता येतं म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं होतं. खाड्याच्या दिवसापुढं फुली. मी बोट ठेवून मोजल्या, अकरा भरल्या. त्यातल्या सात तुम्हाला कावीळ झाली होती तेव्हाच्या. नवं साल धरायच्या आधी तुम्ही ते अकरा दिवस फुकट राबून फेडलेत, आणि वर मला म्हणालात, मालक चांगला आहे, पैसे कापले नाहीत. अंगात कावीळ असताना रात्रीची लाईट आली म्हणून तुम्ही पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेला होतात, ती रात्र त्या वहीत कुठंच नव्हती.

मावशीचं तर तुम्ही जाणताच. तिच्या धारूरकडच्या गावातून दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच अंगावर. एक दिवस पाळीच्या दुखण्यानं झोपून काढला तर खाडा, आणि त्याचा दंड. तिशीतच तिनं गर्भाची पिशवी काढून घेतली. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरातलं ते कात्रण मी जपून ठेवलं होतं, माझ्या पुस्तकांत अजून असेल. दुखण्याला एक दिवस मिळत नाही म्हणून बाई आपलं अंगच कापून देते, हे इथं कुणाला सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत.

मी स्वतः काय वेगळी होते? संभाजीनगरच्या त्या खासगी दवाखान्यात सलग डबल ड्यूट्या करायचे, आणि सिस्टर किती कष्टाळू आहे असं कुणी म्हटलं की फुलून जायचे. आजी गेली तेव्हा स्टाफ नाही म्हणून सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा राखही सावडून झाली होती. त्या दवाखान्याला मी माफ केलेलं नाही. पण तेव्हा गप्प बसले, ते मला जास्त खुपतं.

इथं आल्यावरही सुरुवातीला तेच. अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवण उरकून मी पळत वॉर्डात जायची. एक वयस्कर सिस्टर आहेत, तीस वर्षं नोकरी झालेली. त्यांनी माझ्या हातातला औषधांचा ट्रे काढून घेतला आणि खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, दमलेल्या हातानं गोळी चुकते, आणि ती चूक पेशंटला भोवते. मग कळलं, बसणं हाही कामाचाच भाग. ड्यूटी चालू असताना मात्र इथं मोबाईल नाही, चहाच्या गप्पा नाहीत. वेळ संपली की पुढच्या पाळीला सगळं सांगायचं आणि निघायचं. रेंगाळलं तर उलट विचारतात, काही अडचण आहे का?

रविवारी इथं दुकानंही बंद. १९१९ सालच्या घटनेत रविवार विश्रांतीचा म्हणून लिहिला, तो आजही तसाच आहे. आपल्याकडंही नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. माय, तुझ्यापर्यंत तो रविवार अजून आलेला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, तेव्हा तू दिवसभर खुरपून आलेली असायचीस आणि चुलीपुढं बसायचीस. तुझ्या खांद्याला हात लावायचं आम्हा लेकरांनाही कधी सुचलं नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगते. एक, गुत्त्यातून नाव काढ. तुझ्या वाट्याचं काम त्या तिघींना जड जाईल, तर एक बाई रोजानं लावा, तिचा रोज मी देते. दुसरं, मावशीनं अजून उचल घेतली नसेल तर घेऊ देऊ नका. धाकट्याच्या खात्यावर पैसे पाठवलेत. सगळं वर्ष निघणार नाही, पण यंदाचा हंगाम निघेल. आणि हे उसने नाहीत, तिला तसं स्पष्ट सांगा.

तिसरं म्हणजे मी येते आहे. गेल्या नोव्हेंबरात रजेचा तक्ता भरायचा होता, तेव्हाच पंचांगात येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या शोधून तो दिवस मधे धरून तीन आठवडे मागून घेतले. नाताळाच्या दिवसांत सगळ्यांनाच रजा हवी असते. मी मुख्य सिस्टरना सांगितलं की येळवशीच्या दिवशी आमचा अख्खा भाग घराला कुलूप लावून रानात जाऊन जेवतो. त्यांना फार आवडलं. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणणं, सगळं विचारून घेतलं. पण हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की येळवशीच्या आदल्या रात्री तू कधी झोपली नाहीस. भज्जी, आंबील, उंडे, खीर, सगळं पहाटेपर्यंत. आणि मावशीच्या नशिबी तर लग्नापासून येळवस नाहीच, ती तेव्हा फडावर असते.

यंदा मावशीला आपल्याकडं बोलवा. रात्री चुलीपुढं मी आणि धाकटा बसू. त्याला आत्ताच सांगून ठेवा, तुरीचे दाणे सोलायचं काम त्याचं. तुम्ही दोघी बहिणी आत जाऊन झोपा. भज्जीत चिंचेचं पाणी बेसनाच्या आधी घालायचं की नंतर, तेवढं मात्र झोपायच्या आधी सांग, ते मला अजून येत नाही.

तुमची
थोरली