डबलबारी इंटरनेटवर ठेवण्याआधी

वेंगुर्ले

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

देवळातल्या डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या आळीपाळीने रंगलेल्या सामन्याचे, तू केलेले रेकॉर्डिंग शांतपणे ऐकले. पखवाज जरा पुढे आला आहे आणि त्यामानाने बुवांचा आवाज मागे पडला आहे, पण झांज कानाला टोचत नाही, आणि मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नेमके तेच साधत नाही. हे सगळे इंटरनेटवर ठेवावे का, असे तू विचारले आहेस. जरूर ठेवावे, मात्र कुठे ठेवायचे हे आधी ठरव, कारण प्रत्येक ठिकाणाचा हिशेब निराळा असतो आणि तो भजनाच्या सोयीने क्वचितच बेतलेला असतो.

पूर्वी हजारांनी प्रती खपतील असा भरवसा वाटल्याखेरीज कंपनी बुवांची कॅसेट काढत नसे. शिवाय साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते, आणि रंगात आलेली बारी, म्हणजे एका मंडळाची पाळी, तेवढ्यात आटपत नाही. आता या दोन्ही अडचणी उरलेल्या नाहीत. लालबाग, डोंबिवली, मस्कत अशा ठिकाणी विखुरलेले आपले श्रोते कोणत्याही एका गावात मूठभरच असले, तरी सगळे मिळून एखाद्या मंडळाला पुरेसे होतात. तू ऐकतेस ते व्हेपरवेव्ह, म्हणजे जुनी गाणी संथ करून संगणकावर बनवलेले संगीतही, असेच इंटरनेटवर वाढले. त्यामागे मोठी कंपनी नव्हती की सभागृह नव्हते. (मला ते अजूनही टेप अडकल्यासारखे वाटते, पण तो माझ्या कानांचा दोष असेल.)

२००७ मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू होऊन पुढे बर्लिनला गेलेल्या साउंडक्लाउड या गाणी चढवण्याच्या संकेतस्थळाची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे ध्वनीची लाट पडद्यावर दिसते आणि श्रोत्याला हव्या त्या सेकंदावर अभिप्राय लिहिता येतो. पखवाजी तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर आला की मागच्या रांगेतून दाद येते; तशी दाद तिथे नेमक्या जागी नोंदवता येते.

पैशाचा प्रश्न मात्र नीट समजून घे. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की एक श्रवण मोजले जाते. म्हणजे दोन मिनिटांचे सिनेगीत आणि चाळीस मिनिटे चढत गेलेला भजनातला गजर या दोघांची किंमत एकच. त्यात २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याची हजार श्रवणे झाली नाहीत, त्याला मानधनच मिळत नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये वेगळी रीत आणली: श्रोत्याचे पैसे तो स्वतः ज्यांना ऐकतो अशाच कलावंतांत वाटायचे, आणि लहान कलावंतांना तीच न्याय्य आहे असे मला वाटते. बँडकॅम्पवर तर सरळ विक्री होते. किंमत आपण ठरवायची, ऐकणाऱ्याला वाटल्यास त्याने जास्त द्यायची, आणि डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के कापून घेतात. संपूर्ण बारी तिथेच ठेवावी, असे माझे मत आहे.

यूट्यूबवर आपली माणसे आधीपासून आहेत, तेव्हा तिथे एखादा अभंग आणि गवळण टाकायला हरकत नाही. गजर मात्र विचार करून टाक. दोन्ही बुवांनी चित्रपटगीतांच्या चाली घेतल्या आहेत, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. तिथली कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चढवलेला आवाज हक्कदारांच्या नमुन्यांशी ताडून पाहते, आणि तो जुळला तर जाहिरातीचे पैसे भलतीकडे जाऊ शकतात.

शिवाय ही ठिकाणे कायमची आहेत असे समजू नकोस. मायस्पेस या जुन्या संकेतस्थळावर २००३ पासून २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली कोट्यवधी गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली आणि २०१९ मध्ये ते उघडकीस आले. बँडकॅम्प २०२२ मध्ये एका व्हिडिओ गेमच्या कंपनीने विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्याला विकले. म्हणून मूळ फाइल दाबून लहान न करता, न कापता दोन हार्ड डिस्कवर ठेव. एक तुझ्याकडे आणि एक इथे आपल्या कपाटात, कारण पावसाळ्यात इथल्या दमट हवेचा भरवसा नाही.

समोरच्या बारीच्या बुवांशी मी बोललो. त्यांची ना नाही. मात्र उत्तररात्री त्यांनी आमच्या बुवांना मारलेला टोमणा ठेवायचा असेल, तर आमच्या बुवांचे उत्तरही ठेवावे, एक कापून दुसरे ठेवू नये, अशी त्यांची अट आहे, आणि ती मला मान्य आहे. त्या रात्री मांडवात बसलेल्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. परदेशात बसून ऐकणाऱ्याला एकच बाजू ऐकायला मिळाली, तर तो विनाकारण भांडण समजेल. विक्रीतून जे येईल ते दोन्ही मंडळांत निम्मे-निम्मे वाटायचे, हे दोघांच्या सहीने लिहून घेतो. तू पाठवलेल्या नावांच्या यादीत दोन्ही पखवाजी आणि पेटीवाले आहेत, पण झांजवाले आणि कोरसची मुले राहिली आहेत. त्यांची नावे मंडळाच्या वहीतून उतरवून पाठवतो. ती आल्याशिवाय काही चढवू नकोस.

तुझे,
बाबा